घरचें आरोग्य : रक्त न येणाऱ्या हिरड्या

“दांत घासतांना तुझ्या हिरड्यांतून रक्त येतें, माझ्या येत नाहीं. मग खरें कोण, माझी सिगारेट कीं तुझें तें ब्रशाचें शास्त्र?” हा प्रश्न आमच्या दादांनीं सकाळच्या चहाच्या वेळीं मला वर्षानुवर्षें केला. चाळीस वर्षांचा त्यांचा शिरस्ता. पण हिरड्या पाहाव्यात तर फिकट, घट्ट, सूज म्हणून नाहीं. मजजवळ उत्तर नव्हतें. पुढें एकाच वर्षांत त्यांच्या दोन दाढा मुळींच न दुखतां हलूं लागल्या, तेव्हां तें दंतवैद्यांनीं दिलें.

वाचकहो, हिरडींतून रक्त येणें ही रोगाची वर्दी होय. दांताच्या मुळाशीं जंतूंचा थर सांचला, त्याचें कीटण झालें, म्हणजे शरीर त्या जागीं रक्ताचा पुरवठा वाढवितें. हिरडी लाल होऊन फुगते व घासतांच रक्त येतें. धुरांतील निकोटीन सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करतें. जंतूंशीं झगडणाऱ्या पेशींचें कामहि धूर बिघडवितो. चोर घरांत शिरलेला, आणि रखवालदाराचें तोंड बांधलेलें! दांत व हिरडी यांमधील फट निरोगी मनुष्यांत १ ते ३ मिलिमीटर असते. दंतवैद्य खुणांच्या बारीक सळईनें ती मोजतात. दादांच्या दाढांपाशीं सळई ७ मिलिमीटर आंत गेली. खालचें हाड झिजलें होतें, आणि गेलेलें हाड सहसा आपोआप भरून येत नाहीं. या रोगाचें एक कारण धूम्रपान होय, असा निर्णय अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००४ च्या अहवालानें दिला आहे.

दाढ काढल्यावर खळग्यांत रक्ताची गुठळी धरावी लागते. दादांनीं त्याच सायंकाळीं सिगारेट ओढली. गुठळी गेली, हाड उघडें पडलें, आणि चार दिवस कानापर्यंत कळा येत होत्या.

तशांतहि त्यांनीं मजवर चरक फेंकलाच. सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायांत धूमपान आहे, हें खरें. परंतु ती वर्ति चंदन, वाळा, वेलदोडे, गुग्गुळ अशा द्रव्यांची. तंबाखू पोर्तुगीजांच्या मागोमाग समुद्र ओलांडून आली. अकबराच्या अखेरच्या वर्षांपर्यंत त्याच्या दरबारास तिची ओळखहि नव्हती. त्याच अध्यायांत दंतधावन व जिव्हानिर्लेखन हींहि सांगितलीं आहेत. तीं पानें दादांनीं उलटलीं नसावींत. (चरकाची वर्ति हिरड्यांस मानवते असेंहि मी म्हणत नाहीं. धूर तो धूरच.)

तोंडांत पुसून न जाणारा पांढरा वा लाल डाग, किंवा तीन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसल्यास तो मात्र तत्काळ दाखवावा. तेथें कर्करोगाची शंका असते.

दाढा गेल्यावर दादांनीं सिगारेट सोडली. दुसऱ्या महिन्यांत मोरीपाशीं चूळ भरली तों रक्त! वहिनी घाबरल्या. दादा म्हणाले, “बघ, सोडली म्हणून आलें.” पुष्कळ जण येथेंच फसतात व पुन्हां पेटवितात. वस्तुतः रक्तवाहिन्या मोकळ्या होऊन जुन्या दुखण्याची वर्दी आतां कोठें पोंचत होती. दंतवैद्यांनीं कीटण काढलें, रात्रीचें घासणें लावून दिलें. कांहीं आठवड्यांत रक्त थांबलें.

परवां त्याच बाजूच्या उरलेल्या दाढेपाशीं सळई ४ वर थांबली. दादांनीं तो आंकडा वहिनींस दोनदां ऐकविला.