त्या मातीत कुणाचं तरी लेकरू

परवा जेवणं आटोपल्यावर लेकानं मोबाइलवर एक व्हिडीओ लावला. युरोपातल्या जुन्या रणभूमीवर मेटल डिटेक्टर घेऊन माणसं जमीन उकरत होती. हेल्मेट, काडतुसं निघाली की आमच्या घरात टाळ्या! मग हाडं निघाली. सासूबाई पटकन म्हणाल्या, ‘‘अगं बाई, ह्याची आई वाट बघून बघून गेली असेल गं!’’ सगळे गप्प.

२०१४ मध्येही असंच झालं होतं. लाटव्हियात दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांचे अवशेष उकरणाऱ्या मालिकेची झलक नॅशनल जिओग्राफिक वाहिनीनं दाखवली. हाडं कशीही ओढून काढलेली बघून पुरातत्त्वज्ञांसह अनेकजण संतापले. वाहिनीला मालिका मागे घ्यावी लागली.

मला ते योग्यच वाटतं. जर्मन सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्याचे दोन भाग होत. सैनिक गेला की अर्धा नोंदीसाठी काढून घ्यायचे, अर्धा देहासोबत ठेवायचे. त्यावरच्या क्रमांकावरून आजही नाव शोधता येतं. तोच बिल्ला कुणी विकायला उचलला, तर तो मुलगा कायमचा बेपत्ता!

‘‘पण आई, ते तर हिटलरचे सैनिक,’’ लेक म्हणाला. असतील. म्हणून त्यांच्या घरच्यांना काहीच कळू नये?

मैत्रिणींनो, मुलांनी असे व्हिडीओ जरूर बघावेत. फक्त ‘काय सापडलं?’ याबरोबर ‘कोण सापडलं?’ हेही विचारायला आपण त्यांना शिकवू या.