पिशवी सांभाळ, प्रश्न विचारू नकोस!
प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी संप्रेरक रोखल्यावर आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं. इंजेक्शनं घ्या की वृषणं काढा, कामेच्छा ओसरते, ताठरता बहुधा जाते. पाळी जाताना आपल्याला येतात तशा गरम वाफा त्यालाही येतात. ग्रंथी काढताना ताठरतेच्या नसा वाचवण्याचं तंत्र १९८२पासून आहे. म्हणजे डॉक्टरांना सारं ठाऊक आहे. मग बायकोला का सांगत नाहीत?

तिच्या हाती फक्त लघवीची पिशवी आणि गोळ्यांचा कागद. रात्री तो पाठ फिरवतो. तिला वाटतं, आपण नकोशा झालो. त्याला वाटतं, आपण पुरुषच उरलो नाही. दोघंही गप्प. साठीच्या बाईला इच्छा असते, हे कुणी धरतच नाही! त्याची चिडचिड मात्र तिनं ‘आजारी आहे’ म्हणून सोसायची.

मैत्रिणींनो, संभोग म्हणजेच शरीरसुख हे पुरुषी गणित आहे. जवळ घेणं, हातांनी सुख देणं-घेणं, आणि ‘आज नको’ म्हणणं, हेही सहजीवनच. उपचारांआधी दोघांना समोर बसवून सांगा, तिला एकटीलाही विचारा, अशी मागणी दवाखान्यादवाखान्यांत आपणच करायला हवी.