खताच्या गोणीवर असतं, मग कार्डाच्या खोक्यावर का नाही?

शनिवारी अकोल्याला गेलो होतो. विदर्भातल्या नव्हे हो! आमचं अकोले, नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर), प्रवरेकाठचं, कळसूबाईच्या तालुक्याचं. एकाला काना, एकाला मात्रा, एवढाच काय तो फरक, आणि विभक्ती लागली की तोही जातो. हिंजवडीत नवीन माणसाला गाव सांगितलं की 'बाप रे, उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्री ना?' हा प्रश्न ठरलेला. आमची दोन-तीन कुरियरंसुद्धा विदर्भ दर्शन करून आलेली आहेत. म्हणून आमच्या घरात पत्ता सांगताना आधी पिनकोड सांगतात, ४२२६०१, मग बाकीचं. नावाचा घोळ होईल, आकड्याचा होत नाही. हे पिनकोड-पुराण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर जायचं कारण होतं काकांचा डेस्कटॉप. २०१४ साली घेतलेला, पण अजून ठणठणीत. चुलतबहीण इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिचा प्रोजेक्ट त्याच मशीनवर चाललाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि विंडोज ११ साठी हा प्रोसेसर चालत नाही, म्हणून मी त्यावर लिनक्स टाकून दिलं होतं. प्रश्न एकच राहिला. फायबरचा डबा ओसरीवर, कॉम्प्युटर माडीवर आणि मधे दगडमातीची दोन फुटांची भिंत. भिंतीला भोक पाडायला काकूचा सक्त विरोध. म्हणजे वायरलेस कार्ड घालणं आलं.

कार्ड मीच निवडलं. चांगला अर्धा तास घालवला त्यावर. अमुक मॉडेलमध्ये अमुक चिप आहे आणि तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो, हे चार ठिकाणी वाचून ऑर्डर केलं आणि थेट काकांच्या पत्त्यावर पाठवलं. (पोचलं! विदर्भात न जाता!) काकांनी मशीन दुकानात नेऊन कार्ड बसवून घेतलं. संध्याकाळी फोन आला.

"अरे, त्यो म्हणतोय कार्ड दिसतच नाही. मदरबोर्ड जुना झालाय, स्लॉट गेला असंल. नवीनच घ्या म्हणतोय, तीस हजारात बसंल. तू येवढा इंजिनियर, तुला आधी कळलं नाही का?"

तीस हजार म्हणजे काकांच्या दुधाचे तीन-चार पगार. त्यातून पेंड आणि चारा वजा केला तर किती महिने होतात ते विचारूच नका. मी म्हटलं, काका, कशाला हात लावू नका, मी येतो.

आता आमच्या वाचकांपैकी निम्मे जण इथेच म्हणतील, त्या दुकानदाराला काही येत नाही. मीसुद्धा नारायणगावपर्यंत हेच म्हणत होतो. घरी पोचलो, कॅबिनेट उघडलं, कार्ड काढून पुन्हा नीट दाबून बसवलं, टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय' टाईप केलं. कार्ड यादीत हजर! म्हणजे स्लॉट जिवंत, मदरबोर्ड जिवंत, कार्डही जिवंत. फक्त यादीत जी चिप दिसत होती ती मी निवडलेली चिप नव्हतीच. वेगळ्याच कंपनीची होती. खोकं पुन्हा हातात घेतलं. मॉडेल नंबर तोच, फोटो तोच, रंग तोच. बारकोडच्या स्टिकरवर मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत 'व्हर्जन २' असं लिहिलेलं. मी जे जे वाचलं होतं ते सगळं व्हर्जन १ बद्दल होतं आणि विकणाऱ्याच्या पानावर व्हर्जनचा उल्लेखच नव्हता.

आता बोला! दुकानदार चुकला, मान्य. पण मीही चुकलोच की. त्याच्याकडे माहिती नव्हती म्हणून तो, आणि माझ्याकडे होती ती दुसऱ्याच कार्डाची म्हणून मी. दोघांनाही जे वाक्य हवं होतं ते खोक्यावर छापलेलंच नाही.

ज्यांचा हार्डवेअरशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वायरलेस कार्डावरचं कंपनीचं नाव हे लग्नपत्रिकेवरच्या 'आपले विनीत'सारखं असतं. खरं काम करणारा वेगळाच, म्हणजे चिप. ती बनवणाऱ्या मोजक्या कंपन्या: इंटेल, रियलटेक, ब्रॉडकॉम, मीडियाटेक, क्वालकॉम (अथेरॉस हिच्यातच गेली). ऑपरेटिंग सिस्टिमला खोक्यावरचं नाव कळत नाही, ती कार्डाला दोन आकडे विचारते: बनवणारा कोण आणि चिप कोणती. ८०८६ आला तर इंटेल, १०ईसी आला तर रियलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस. हा झाला कार्डाचा पिनकोड. ड्रायव्हर या पिनकोडवर पोचतो, नावावर नाही. आणि नेमका हा पिनकोडच खोक्यावर नसतो. आम्ही अकोलेकरांनी काय समजायचं यातून?

बरं, हे माझ्या एकट्याच्या नशिबाचं रडगाणं नाही. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा यूएसबी अडॅप्टर लिनक्सवाल्यांमध्ये प्रसिद्ध होता, कारण पहिल्या व्हर्जनमध्ये अथेरॉसची एआर९२७१ चिप होती आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच होता. पुढच्या व्हर्जनमध्ये रियलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली, नाव मात्र तेच राहिलं. जुनी वाहवा वाचून नवीन घेणारे कित्येक जण फसले. कंपनीने नियम मोडला असं मी म्हणत नाही. व्हर्जन लेबलवर असतंच. पण 'व्हर्जन २' म्हणजे आत काय बदललं हे घेणाऱ्याने कुठून ओळखायचं?

ऑफिसमधलं उदाहरण घ्या. समजा तुमच्या टीममधल्या एखाद्याने एक लायब्ररी रिलीज केली आणि महिन्याने आतला सगळा कोड बदलून तिच्याच नावाने पुन्हा चढवली, रिलीज नोट्स नाहीत. सोमवारच्या मीटिंगमध्ये आपण त्याचं काय करू? पॅकेजची व्हर्जनं कुलूप लावून ठेवणारे आपण, घरी मात्र हेच प्रकरण पाकिटात बंद होऊन आलं की मुकाट्याने पैसे देतो. आणि बिघडलं की नातेवाइकांना सल्ला काय? 'फॉरमॅट मार' नाहीतर 'नवीन घे'. लाज वाटायला पाहिजे आपल्याला. (मला वाटली. जुन्नरच्या एका मावसभावाला मी गेल्या वर्षी 'नवीन घे' म्हणून मोकळा झालो होतो.)

काकांना हे सगळं सांगायला गेलो तर ते एका वाक्यात समजले. गोठ्याच्या कोपऱ्यात खताची गोणी होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघ, १०:२६:२६. नत्र, स्फुरद, पालाश. कंपनी कोणची का असंना." बस्स! हाच तर मुद्दा आहे. खत कोणाचंही असो, गोणीवर आतलं प्रमाण छापावंच लागतं, १९८५ चा खत नियंत्रण आदेश आहे त्याला. बियाण्याच्या पिशवीवर वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती असते, त्याला १९६६ चा बियाणे कायदा आहे. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावठी बियाणं वाणावाणाने जपल्याबद्दल. शेतकऱ्याला 'भारी बियाणं, हाय स्पीड' एवढंच छापलेली पिशवी देऊन बघा, तोंडावर मारेल. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, पामतेल सगळं लिहिलेलं असतं. आणि दीड हजाराच्या कार्डावर काय? वेग, दोन अँटेनांचं चित्र आणि हसणारं कुटुंब.

यावर ठरलेली उत्तरं येतात.

एक, 'सामान्य ग्राहकाला चिपचं नाव काय कळणार?' नाही कळणार. काकांनाही पालाश म्हणजे नेमकं कोणतं रसायन ते माहीत नाही. पण गोणीवरचा आकडा ते कृषी सेवा केंद्रात वाचून दाखवू शकतात. खोक्यावर चिप लिहिलेली असती तर दुकानदाराने मला फोनवर वाचून दाखवली असती आणि दोन मिनिटांत निकाल लागला असता.

दोन, 'हे व्यापारी गुपित आहे.' काय सांगता! कार्ड स्लॉटमध्ये घातल्यावर एका कमांडमध्ये जे दिसतं ते कसलं गुपित? पैसे देईपर्यंतच ते गुपित आहे.

तीन, 'चिपचा पुरवठा बदलतो, कंपनी तरी काय करणार?' बदला की! खुशाल बदला. फक्त लेबलही बदला. छापील किंमत, आयातदाराचा पत्ता, महिना आणि वर्ष, कुठल्या देशात बनलं, हे सगळं वजनमाप कायद्याखाली छापताच ना? त्यात एक ओळ वाढेल.

चार, 'विंडोजवर तर चालतं ना?' चालतं, ड्रायव्हर मिळाला तर. सोबत आलेली सीडी घालायला आज किती मशीनना ड्राईव्ह आहे? आणि ड्रायव्हर नेटवरून घ्यायचा तर नेट येण्यासाठी आधी ड्रायव्हर हवा. लग्नाशिवाय वेड जाईना आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना!

आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, म्हणून आज घरोघरी वाय-फाय आहे. २००८ साली अथेरॉसने स्वतःच लिनक्ससाठी मुक्त ड्रायव्हर दिला, २०१० साली ब्रॉडकॉमनेही दिला. त्याआधी लोक रात्री जागून उलट्या बाजूने चिपचा अभ्यास करून ड्रायव्हर लिहीत होते. म्हणजे अवघड कामं होऊन गेली आहेत, राहिलंय ते लेबल छापण्याचं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मालाचा दर्जा, प्रमाण, मानक जाणून घ्यायचा हक्क देतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही सुरू केलं. दुरुस्तीचा हक्क द्यायचा आणि आत काय आहे ते सांगायचं नाही, हे कसं काय?

माझी मागणी तीन ओळींची आहे. खोक्यावर आणि विक्रीच्या पानावर चिपचं नाव, ते दोन आकडे आणि व्हर्जन. ठळक अक्षरांत. चिप बदलली तर मॉडेलचं नाव बदला.

तोपर्यंत कोणी तुम्हाला 'मदरबोर्ड गेला' म्हणालं तर एवढं करा:

१. मशीन बंद, वायर काढा, कार्ड पुन्हा बसवा, अँटेना हाताने घट्ट फिरवा.
२. कार्ड दिसतंय का बघा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधला हार्डवेअर आयडी, लिनक्समध्ये एलएसपीसीआय. आकडे दिसले तर स्लॉट ठीक आहे.
३. नेट नाही म्हणून अडू नका. फोन यूएसबीने जोडा, टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा मशीनला नेट मिळतं. मग त्या आकड्यांवरून ड्रायव्हर शोधा.
४. कार्ड चालतंय पण आपलंच नेटवर्क दिसत नाही? राऊटर फक्त डब्ल्यूपीए३ वर आहे का, किंवा चॅनेल १२-१३ वर आहे का ते बघा.
५. सिग्नल कमी? कॅबिनेट लोखंडी, अँटेना त्याच्या पाठीमागे. भिंतीपासून जरा फिरवून ठेवा. जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ नीट येत नाही, २.४ वापरा.

आमच्याकडे काय झालं? नव्या चिपचा ड्रायव्हर नंतरच्या कर्नलमध्ये होता. फोन जोडून कर्नल अपडेट केला, मशीन रीस्टार्ट केलं, कॅबिनेट तिरकं केलं. माझे शनिवारचे चार तास गेले, काकांचे तीस हजार वाचले. बहिणीने रात्रीच प्रोजेक्ट गाईडला पाठवला. दुकानदारालाही रविवारी सकाळी जाऊन दाखवून आलो. त्याने मोबाईलमध्ये पाच पायऱ्यांचा फोटो काढून घेतला आणि चहा पाजला. म्हणाला, "साहेब, खोक्यावर लिहिलं असतं तर मी कशाला खोटं बोललो असतो?"

हेच तर मी तेराशे शब्दांत सांगतोय. असो. पुढच्या वेळी काही घ्याल तेव्हा विकणाऱ्याला एकदा विचारा: आत चिप कोणती आहे? त्याला सांगता येणार नाही. पण शंभर जणांनी विचारलं तर तो पुढच्या माणसाला विचारेल. खताच्या गोणीवरचे आकडे काही आपोआप आलेले नाहीत.