फिन्सबरीचा धडा

परदेशांतील एखाद्या निवडणुकींत भारतीय नांवाचा उमेदवार विजयी झाल्याची वार्ता आली कीं, आमच्याकडे पेढे वाटण्याची चाल पडली आहे. हा आनंद स्वाभाविक आहे. त्यांत विरजण घालण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु या वाटेनें सर्वांआधीं गेलेल्यांत जे सर्वांत थोर, त्या दादाभाई नौरोजींच्या चरित्राकडे पेढा तोंडांत टाकण्यापूर्वीं वाचकांनीं क्षणभर पाहावें, अशी आमची विनंति आहे.

दादाभाई विलायतेस गेले ते राजकारणासाठीं नव्हे, व्यापारासाठीं. १८५५ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतील गणिताची प्राध्यापकी सोडून ते कामा आणि कंपनीचे भागीदार म्हणून लंडनास गेले. पेढीच्या नफ्यांत अफू व दारू यांचा अंश आहे असें दिसतांच त्यांनीं तो पैसा नाकारला, व थोड्याच वर्षांत भागीदारीहि सोडली. १८५९ सालीं त्यांनीं कापसाच्या व्यापाराची स्वतःची पेढी काढली. याचा राजकारणाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. आमच्या मतें संबंध आहे तो येथेंच. ज्यानें आपल्या खातेवहींत मलिन पैसा जमा होऊं दिला नाहीं, त्यालाच पुढें साम्राज्याची खातेवही उघडण्याचा अधिकार पोंचला. हिंदुस्थानची संपत्ति इंग्लंडांत कशी वाहून जाते, हें त्यांनीं आंकड्यांनीं दाखविलें. तो व्यापाऱ्याचाच हिशेब होता.

मुंबई म्युनिसिपालिटींत सभासद म्हणून त्यांनीं काम केलें. १८८६ सालीं होबर्नमधून पार्लमेंटची निवडणूक लढविली व ते हरले. १८८८ सालीं पंतप्रधान लॉर्ड सॅलिस्बरी यांनीं एडिंबरो येथें, इंग्रज मतदार ‘काळ्या माणसा’स निवडतील असें आपणांस वाटत नाहीं, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्यास उत्तर १८९२ सालीं मध्य फिन्सबरीनें दिलें. घड्याळें व दागिने घडविणाऱ्या कारागिरांच्या या मतदारसंघानें दादाभाईंस अवघ्या पांच मतांनीं निवडून दिलें. नौरोजी हें नांव जिभेवर न बसणाऱ्यांनीं त्यांस विनोदानें ‘नॅरो मेजॉरिटी’, म्हणजे निसटतें बहुमत, म्हणण्यास आरंभ केला.

फिन्सबरीचे मतदार कांहीं देवदूत नव्हते. १८९५ सालीं त्यांनींच दादाभाईंस घरीं बसविलें. तथापि एकदां तरी त्यांनीं माणसाचा जन्म न विचारतां त्याचें म्हणणें ऐकलें. आणि दादाभाईंनींहि केवळ हिंदुस्थानचेंच गाऱ्हाणें गाइलें नाहीं. आयर्लंडच्या स्वराज्याचा व स्त्रियांच्या मताधिकाराचा पक्ष त्यांनीं उचलून धरला. ज्या समाजाची मतें मागावयाचीं, त्याचे प्रश्नहि आपले मानावयाचे, ही रीत त्यांनीं पाळली.

आतां आमचा प्रश्न. पोटासाठीं परप्रांतांतून येऊन आमच्या शहरांत दुकान थाटणारा, वीस वर्षें कर भरणारा, मराठी शिकलेला मनुष्य उद्यां आमच्या वॉर्डांत उभा राहिला, तर आम्ही त्याचें म्हणणें ऐकूं, कीं त्याचें आडनांव वाचूनच पुढें जाऊं? घटनेच्या १९ व्या कलमानें प्रत्येक नागरिकास देशांत कोठेंहि राहण्याचा हक्क दिला आहे. पण कलम लिहिल्यानें मन मोठें होत नाहीं. थैली घेऊन येणारा, वॉर्डाचे प्रश्न न जाणणारा उमेदवार खुशाल पाडावा. तो मग बाहेरचा असो वा सात पिढ्यांचा गांवकरी. परीक्षा जन्माची नव्हे, सचोटीची व सेवेची असावी.

परक्यांच्या औदार्याचे पेढे खावयाचे आणि आपल्या दारीं मात्र ‘तूं कोठला?’ असें दरडावून विचारावयाचें, हा व्यवहार दादाभाईंच्या हिशेबांत बसणारा नाहीं. दुसऱ्याच्या खात्यावर जें आपण हक्कानें मागतों, तें आपल्या खात्यावर देण्याची तयारी आम्ही केव्हां दाखविणार?