सौजन्याचे पोलीस ठाणे

‘सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) बघू’ हे सरकारी तोंडचे लाडके वाक्य या आठवड्यात पुन्हा कानावर पडले. विषय नव्या पोलीस ठाण्यांचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्यात खराडी, वाघोली, बाणेर, आंबेगाव, नांदेड सिटी, काळेपडळ आणि फुरसुंगी अशी सात ठाणी एका दमात सुरू झाली, त्याचे कौतुक तेव्हाच करून झाले आहे. पण ठाणे मंजूर होणे निराळे आणि उभे राहणे निराळे. ठाण्याला लॉकअप लागतो, मुद्देमालाची खोली लागते, महिला पोलिसांना स्वच्छतागृह लागते आणि जप्त दुचाकी गंजत ठेवायला का होईना, आवार लागते. हे कोणाच्या पैशातून, असे विचारले की शासन पालिकेकडे बोट दाखवते, पालिका शासनाकडे, आणि मग एखादा उदार बिल्डर टेबल-खुर्च्या घेऊन हजर होतो. पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ला सुरू झाले आणि पुढे पालिकेच्या शाळेच्या इमारतीत गेले. आयुक्तांची ही गत, तर साध्या ठाण्याची काय कथा!

आता अग्निशमन केंद्राकडे बघा. बाणेरला वीस मजली इमारत उठवायची, तर बांधकाम परवानगीच्या वेळीच २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली विकासकाला अग्निशमन शुल्क भरावे लागते. इमारत उंच, तर शिडीही उंच हवी आणि तिचा भार इमारतीनेच उचलावा, इतका साधा हिशेब. मेट्रोचेही तेच. एप्रिल २०२२पासून पुण्यात दस्त नोंदवताना एक टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो. ८० लाखांचा फ्लॅट पुरुषाच्या नावावर घेतला की मुद्रांक शुल्कापोटी सात टक्क्यांनी ५ लाख ६० हजार जातात. त्यातले ८० हजार मेट्रोच्या नावाचे, ८० हजार स्थानिक संस्थेच्या, उरलेले ४ लाख, म्हणजे पाच टक्के, शासनाचे. असे २०० फ्लॅट म्हणजे एका संकुलातून शासनाला ८ कोटी. त्याच २०० घरांतून उद्या सायबर फसवणुकीच्या तक्रारी, पार्किंगवरून झालेल्या मारामाऱ्या आणि भाडेकरूंच्या नोंदी ठाण्यात येणार; पण त्या ८ कोटींतला एक रुपयाही ठाण्याच्या नावाने बाजूला पडत नाही. आगीची भीती परवानगीच्या वेळीच मोजली जाते, चोरीची मात्र चोरी झाल्यावर.

पोलीस हा घटनेने राज्याचा विषय, त्याचा भार पुणेकरांवर का, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे, म्हणूनच नवा कर नको. शासनाच्या त्या पाच टक्क्यांतला पाव टक्का, म्हणजे वरच्या फ्लॅटमागे २० हजार, ठाण्यांच्या इमारती आणि वाहनांसाठी राखून ठेवावा. पगार आजच्यासारखेच राज्याच्या अर्थसंकल्पातून जावेत. मग श्रीमंत बाणेरला चकचकीत ठाणे आणि वस्त्यांना पत्र्याची शेड, असे होईल का? निधी ठाण्याच्या हद्दीला न बांधता आयुक्तालयाला बांधला, तर होणार नाही. बाणेरच्या फ्लॅटमधून काळेपडळची खोली बांधता येईल. राखीव निधीने अर्थसंकल्पाची लवचीकता जाते, ही वित्त विभागाची तक्रार मात्र ऐकवत नाही. मेट्रोसाठी ती लवचीकता बरी आड आली नाही! शिवाय देणगीची लवचीकता कोणाच्या कामाची, हेही विचारायला हवे. ज्याच्या खुर्चीवर ठाणे अंमलदार बसतो, त्याच बिल्डरविरुद्ध ताबा न दिल्याची तक्रार घेऊन फ्लॅटधारक आला, तर तो कोणत्या खुर्चीवर बसणार? आणि दारावर ‘सौजन्य’ लिहिलेला फ्लेक्स असेलच. या शहरात फ्लेक्सशिवाय दानही होत नाही.

पुणे शहरात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत. येत्या अधिवेशनात त्यातल्या एका आमदाराने तरी उठून विचारावे, की गेल्या वर्षी या शहरातून किती मुद्रांक शुल्क गोळा झाले आणि त्यातले किती पोलीस ठाण्यांच्या बांधकामाला लागले.