सरकारी अनुबोधपटाचा निर्माता : नोकर कोणाचा?

महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला 'पुढे काय करणार?' असे विचारले, की डॉक्टर, इंजिनिअर, बँक, स्पर्धापरीक्षा ही उत्तरे ठरलेली असतात. एखादा धाडसी 'सिनेमात जाणार' असेही म्हणतो. पण 'मी सरकारसाठी अनुबोधपट काढणार' असे म्हणणारा विद्यार्थी विरळाच. त्यात नवल असे काही नाही. हा पेशाच असा, की ज्याने त्यात आयुष्य घातले त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते, आणि त्याचे काम मात्र सगळ्यांनी पाहिलेले असते.

१९६० आणि ७० च्या दशकांत ज्यांनी चित्रपटगृहाची पायरी चढली, त्यांना मुख्य खेळापूर्वीचे ते वृत्तचित्र आठवत असेल. धरणाचे उद्घाटन, पुराचे पाणी, पाहुण्या राष्ट्रप्रमुखाचे स्वागत आणि त्यावर तो भारदस्त आवाज! प्रेक्षक तेवढ्यात विडी ओढून येत, दाणे घेऊन येत. ही चित्रे मुंबईच्या पेडर रोडवरील फिल्म्स डिव्हिजनमध्ये तयार होत. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या खात्याची चित्रे दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते, आणि त्याबद्दल उत्पन्नाचा लहानसा हिस्सा भाडे म्हणून भरावा लागे. मराठीत, कानडीत, तमिळमध्ये, बंगालीत अशी एकाच चित्राची अनेक भाषांतली निवेदने निघत. इतका मोठा प्रेक्षक जगातल्या फार थोड्या अनुबोधपटकारांना मिळाला असेल. आणि इतका कंटाळलेला प्रेक्षकही!

हे चित्र पाहून आपण सहज म्हणतो, की सरकारी सिनेमा म्हणजे सरकारची जाहिरात. पगार ज्याचा, गाणे त्याचे. माझ्या मते हे अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे आपल्या पिढीने नीट समजून घेतले नाही तर नुकसान आपलेच आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे सत्यचित्र हे कथाचित्राच्या आधी आले. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याच्या बारा वर्षे आधी, १९०१ मध्ये, सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांच्या मुंबईतील स्वागताचे चित्रण केले होते. ते ना सरकारी होते, ना कोणाच्या हुकमाचे. आपल्या गावात घडलेली मोठी गोष्ट टिपून ठेवावी, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारला प्रचारासाठी या माध्यमाची गरज पडली. १९४० मध्ये फिल्म ॲडव्हायजरी बोर्ड आले. त्याच्या कामात काही काळ व्ही. शांतारामही होते. म्हणजे सरकारी अनुबोधपटाला आरंभापासून दोन बाप आहेत : एक टिपून ठेवणारा, दुसरा पटवून देणारा. या दोघांचे भांडण प्रत्येक सरकारी निर्मात्याच्या टेबलावर रोज चालते. विषय मंत्रालयातून येतो, संहिता मंजुरीला जाते, खर्चाचा आकडा फाइलवर चढतो. या साऱ्यातून जे वाचते, त्यातून त्याला आपला चित्रपट काढायचा असतो.

तरीही त्यातून काय निघू शकते, याची उदाहरणे आहेत. स्वातंत्र्याला वीस वर्षे झाली तेव्हा, १९६७ मध्ये, फिल्म्स डिव्हिजनच्या एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय ॲम ट्वेंटी' काढला. १९४७ मध्ये जन्मलेल्या तरुणांना त्यांनी कॅमेऱ्यापुढे बोलते केले. कोणी आशेने बोलले, तर कोणी देशाविषयीची निराशा तोंडावर सांगितली. ती सरकारी पैशाने काढलेल्या चित्रपटात राहिली, कापली गेली नाही. त्याच वर्षी मकबूल फिदा हुसेन यांच्या 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' या फिल्म्स डिव्हिजनच्याच लघुपटाला बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. त्या वेळी जाँ भावनगरी यांच्यासारखा जाणता माणूस सल्लागार म्हणून तेथे होता आणि वरून थोडी मोकळीक होती. नियम तेच, इमारत तीच, पगारही तोच. फरक पडला तो वरच्या माणसाने आपल्या हाताखालच्यांवर विश्वास टाकला म्हणून.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. 'एक अनेक और एकता' हा चिमण्यांचा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी दूरदर्शनवर पाहिला असेल. फिल्म्स डिव्हिजनने १९७४ मध्ये काढलेल्या या चित्रपटाच्या दिग्दर्शिका विजया मुळे. भीमसेन यांनी त्याची रेखाटने केली, संगीत वसंत देसाईंचे, आणि आवाज त्या वेळी बालवयात असलेल्या साधना सरगम यांचा. १९२१ मध्ये मुंबईत जन्मलेल्या विजयाबाई लग्नानंतर पाटण्याला गेल्या, लीड्सला शिकून आल्या आणि १९५० च्या दशकात केंद्र सरकारच्या शिक्षणखात्यात अधिकारी झाल्या. फिल्म सोसायट्यांच्या अखिल भारतीय संघटनेची १९५९ मध्ये स्थापना झाली, सत्यजित राय तिचे अध्यक्ष झाले, त्या कामातही त्या होत्या. सारे त्यांना 'अक्का' म्हणत. आमच्या अंकाच्या कन्नड विभागातील वाचकांना हा शब्द मुद्दाम समजावून सांगायला नको!

१९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यापाड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग झाला. 'साइट' हे त्याचे नाव. सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी त्यात होती. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा, रायचूर आणि तेव्हाच्या मध्यप्रदेशातील रायपूर, बिलासपूर, दुर्ग या भागांतलीही. या प्रयोगाच्या काळात मुलांसाठी शैक्षणिक चित्रपट तयार करण्याच्या सरकारी कामात अक्का होत्या. ज्या मुलाने कधी सिनेमाचा पडदा पाहिला नव्हता, त्याच्यासाठी चित्रपट काढायला कोणता व्यापारी निर्माता गेला असता?

पण गंमत अशी, की हे वर्ष आणीबाणीचे होते. एकीकडे सरकारी यंत्रणा खेड्यातल्या मुलासाठी विज्ञान सोपे करीत होती, आणि दुसरीकडे तीच यंत्रणा वीसकलमी कार्यक्रमाचे गोडवे गात होती. एकाच खात्याचा पगार घेणारी दोन माणसे एकाच दिवशी दोन अगदी भिन्न कामे करीत असतील. म्हणूनच 'सरकारी' या एका शब्दाने सगळ्यांची पारख करू नये.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. ती मला जास्त टोचते, कारण मी नोकरीनिमित्त मंडीदीपला राहतो. भोपाळहून इटारसीकडे जाताना वीस-पंचवीस किलोमीटरवर हे कारखान्यांचे गाव लागते. थोडे पुढे भीमबेटका. तेथील चित्रगुहा डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये जगापुढे आणल्या. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने आपली शिकार, आपले नाच भिंतीवर काढून ठेवले. आणि मागे भोपाळ. तेथे १९८४ च्या डिसेंबरात, २ व ३ तारखांमधल्या रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. त्या कारखान्यात पडून राहिलेला विषारी कचरा पिथमपूरला हलवायला २०२५ साल उजाडावे लागले.

त्या रात्रीची आणि त्यानंतरच्या हेळसांडीची हकिगत सांगणारा जो चित्रपट गाजला, तो 'भोपाळ : बियाँड जेनोसाइड'. तपन बोस, सुहासिनी मुळे आणि सलीम शेख यांचा. तो सरकारी नव्हता. त्याला सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचे सुवर्णकमळ राष्ट्रपतींच्या हस्ते देण्याची परंपरा सरकारचीच. आणि तोच चित्रपट दाखवायला नकार देणारे दूरदर्शनही सरकारचेच! कारणे काय दिली? विषय जुना झाला, मांडणी समतोल नाही, प्रकरण न्यायालयात आहे, लोक भडकतील. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की सरकारवर टीका आहे एवढ्यावरून चित्रपट नाकारता येत नाही. नागरिकाच्या भाषणस्वातंत्र्याचा तो भंग आहे.

यातल्या सुहासिनी मुळे या विजयाबाईंच्या कन्या. आईने सरकारात राहून मुलांना एकीचा धडा दिला, लेकीने सरकारबाहेर राहून सरकारलाच जाब विचारला. काही जण म्हणतील, पाहा, खरे काम बाहेरच होते! मी तसे म्हणणार नाही. बाहेरच्याने जाब विचारावा हे योग्यच. पण भोपाळच्या वस्त्यांत दर वर्षी जाऊन, कोण जगले, कोण मेले, कोणाला भरपाई मिळाली, पोटच्या पोरांचे काय झाले, हे चाळीस वर्षे सातत्याने टिपत राहण्याचे बळ एकट्यादुकट्या माणसापाशी नसते. ते फक्त एखाद्या कायम संस्थेपाशी असते. तशी नेमणूक कोणाची झाली असती, आणि त्याला मोकळीक असती, तर न्यायालयांपुढे आणि इतिहासापुढे केवढा पुरावा उभा राहिला असता!

आज कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, सरकारी निर्माता हवा कशाला? खिशातला कॅमेरा क्षण टिपतो. वर्षे टिपायला माणूस लागतो, त्याला पगार लागतो, आणि टिपलेले जपायला कोठार लागते. फिल्म्स डिव्हिजनच्या कोठारात आठ हजारांहून अधिक चित्रपट साठले. ते खाते २०२२ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. पेडर रोडच्या आवारात आज सिनेमाचे सुंदर संग्रहालय आहे. संग्रहालय असावेच, पण महामंडळ म्हटले की जमाखर्च आला, आणि रायचूरच्या मुलासाठी काढलेल्या चित्रपटाचा जमाखर्च कधी जुळत नसतो. शाळेचा तरी कुठे जुळतो?

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे : ही नोकरी असावी, कायम असावी, पण तिच्या अटी बदलाव्यात. विषय ठरवणारे मंडळ खात्याबाहेरच्या जाणत्यांचे असावे. ज्या खात्याच्या कारभारावर चित्रपट, त्याच खात्याकडे त्याची मंजुरी नसावी. निर्मात्याची मुदत ठरलेली असावी, म्हणजे मंत्री बदलला म्हणून त्याची बदली होणार नाही. आणि लोकांच्या पैशाने काढलेले प्रत्येक चित्र लोकांना पाहता यावे.

राहता राहिली आपली गोष्ट. मंडीदीपच्या कारखान्यांत परगावांहून आलेली माणसे तीन पाळ्यांत राबतात. बेळगाव, सोलापूर, हुबळी येथेही तेच. त्यांच्या जगण्याची नोंद कोणीतरी ठेवायला हवी. या अंकाच्या वाचकांपैकी एखादी मुलगी, एखादा मुलगा उद्या या वाटेला गेला, तर त्याने एवढेच ध्यानात ठेवावे : पगाराच्या पावतीवर शिक्का सरकारचा असतो, पण पैसा लोकांचा असतो. नोकरी ज्याचा पैसा त्याची करायची.