लपवून व्यसन सुटत नाही

‘मुसलमानाच्या घरात दारू नसते’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. बहुतेक घरांपुरते ते खरेही आहे. पण ज्या घरात ते खरे नाही, त्या घराला याच वाक्याने मुके करून टाकले आहे. तिथे अम्मी पाहुण्यांना ‘तब्येत बरी नाही’ असे सांगते, बायको माहेरी काही कळू देत नाही आणि पिणारा मोहल्ल्याबाहेर पिऊन गुपचूप घरात शिरतो. सगळे इज्जत सांभाळत राहतात आणि आजार वाढत जातो.

आजार हा शब्द विचारपूर्वक वापरला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींनाही मानसिक आजारात धरले आहे आणि रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतो. हा आकडा सर्व समाजांचा मिळून आहे. जिथे ‘मी पितो’ हे कबूल करणेच अवघड, तिथे मदतीपर्यंतची वाट आणखी लांब होते.

‘रमजानमध्ये महिनाभर सोडतो, म्हणजे मनात आणले तर सोडू शकतो,’ असे घरचे म्हणतात. ईदनंतर पुन्हा सुरू झाली की इमान कमी पडले, असा निकाल लागतो. खरे तर दारू थांबवणे आणि थांबलेले राहणे ही दोन वेगळी कामे आहेत. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने ती एकदम बंद केली, तर थरथर, फिट्स, भ्रम असा त्रास होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून पहिली पायरी डॉक्टरांची. त्यानंतर थांबलेले राहायला सोबत लागते आणि ती गटात मिळते.

अशा गटांत सर्वदूर पसरलेला म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, अर्थात ए.ए. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन मद्यपाशी एकमेकांशी बोलू लागले, तिथून त्याची सुरुवात झाली. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही आणि आडनाव सांगावे लागत नाही. पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे असेही नाही. लोक आपापला अनुभव सांगतात, बाकीचे मध्ये न तोडता ऐकतात. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि तिच्याकडे नेणारे उपचार इतर प्रचलित उपचारांच्या बरोबरीचे किंवा सरस ठरले.

गट शोधायचा कसा? १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करता येतो. पुण्यात १९८६ पासून काम करणारे मुक्तांगण आहे आणि स्त्रियांसाठी त्याचा ‘निशिगंध’ हा विभाग आहे. ए.ए.च्या ‘खुल्या’ मीटिंगला भाऊ, बहीण, मित्र असे कोणीही बसू शकते; ‘बंद’ मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते. ओळखीचे भेटतील अशी भीती असेल, तर दुसऱ्या उपनगरातला किंवा ऑनलाइन गट निवडावा. पहिला गट जमला नाही तर दुसरा पाहावा. घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट आहे. पिणारा यायला तयार नसला तरी घरच्यांनी तिथे जरूर जावे.

एक शंका हमखास येते. मीटिंग चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत असते, तिथे प्रार्थना होते, मग आपण कसे जावे? खोली फक्त जागेपुरती असते. प्रार्थनेत कुठल्या धर्माचे नाव नसते आणि ईश्वर ज्याने त्याने आपल्या समजुतीनुसार मानायचा असतो. अमेरिकेतल्या मुसलमानांनी तर १९८९ मध्ये बाल्टिमोर येथे ‘मिल्लती इस्लामी’ हा स्वतःचा गट याच बारा पायऱ्यांवर उभा केला. कुरआनातही दारूबंदी एका दमात आली नाही. आधी तिचे नुकसान फायद्याहून मोठे असल्याचे सांगितले गेले, मग नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली आणि शेवटी पूर्ण बंदी आली. माणसाला बदलायला वेळ लागतो, हे त्या क्रमातून दिसते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात यंत्रणा बंद पडली की दोष कोणाचा हे कोणी आधी विचारत नाही. आधी ती सुरू करतात, मग कारण शोधतात. दारूच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. हराम काय हे पिणाऱ्याला ठाऊक असते. ठाऊक नसतो तो मीटिंगचा पत्ता.

तो पत्ता देण्याचे काम तरुणांनी हाती घ्यावे. मशिदीच्या, जमातखान्याच्या आणि मोहल्ला वाचनालयाच्या फलकावर हेल्पलाइनचा क्रमांक लावायला कोणाच्या फतव्याची गरज नाही. एखादा मित्र हळू आवाजात ‘यार, जरा जास्त होतंय’ म्हणाला, तर त्याला वाझ ऐकवू नका आणि ही गोष्ट चार जणांत बोलू नका. ‘चल, पहिल्या मीटिंगला मी सोबत येतो,’ एवढेच म्हणा आणि खरोखर जा.